जमीन सुटलेली माणसं

अप्पा माझ्याकडे राहायला आले त्या संध्याकाळी त्यांनी गॅलरीतून खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "अव्वा, हितनं जमीन कुटं हाय गं?"

"खाली की, अप्पा. चार मजले खाली."

"म्हंजी आपुन वर हाव."

"वर आहोत."

"झोपताना बी वरच?"

मी हसले. ते हसले नाहीत. गॅलरीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवून बराच वेळ खाली बघत राहिले. विहिरीला पाणी किती आहे ते बघावं तसे.

अव्वा म्हणजे कन्नडमध्ये आई. आमचं गाव अक्कलकोटच्या पलीकडे, हद्दीजवळ. तिकडे बाप लेकीला लाडानं अव्वाच म्हणतो. घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं करणारी मी पहिली. हे मी सांगते, कारण ते सांगण्यासारखं आहे. जीवशास्त्र घेऊन पदवी घेतली, पुढं शिकले, आता सोलापुरात ज्युनियर कॉलेजला शिकवते. हा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या पगारावर घेतला आहे. नवरा पुण्यात नोकरीला, शनिवारी येतो. आई गेल्यावर अप्पा गावात एकटेच पडले, म्हणून शेत चुलतभावाला वाट्यानं देऊन मी त्यांना घेऊन आले. आणलं ते चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

पण अप्पा तरंगायला लागले. दुसरा शब्द मला सुचत नाही. गावात ते चालायचे तेव्हा काळ्या ढेकळांत पाय रुतायचा आणि प्रत्येक पाऊल उपटून काढावं लागायचं. इथं गुळगुळीत फरशी. ते चालायचे तर आवाजच यायचा नाही. स्वयंपाकघरात मी भाकरी थापत असताना मागं वळून बघावं तर अप्पा दारात उभे, कधी आले कळायचं नाही. दुपारी पडदे ओढले की हॉलमध्ये पिवळसर अंधार व्हायचा आणि त्यात ते खुर्चीवर बसलेले असायचे, पाय जमिनीपासून जरा उचललेले. मी विचारलं, "पाय असे का धरलेत?" तर म्हणाले, "टेकलं काय आन न टेकलं काय, सारकंच लागतंय. अंगाला वजनच न्हाई उरलं."

झोप तर गेलीच होती. पलंगावर झोपायचे नाहीत. दिवस मावळला की चादर खांद्यावर टाकून गच्चीवर जायचे. मीही कामं उरकून वर जायची. उन्हाळ्याची सिमेंटची धग पायाला लागायची, वारा मात्र सुटलेला असायचा, आणि शहराचा सगळा गलका खाली राहिलेला. वर आलं की आवाज धुतल्यासारखे यायचे.

अशाच एका संध्याकाळी अप्पा म्हणाले, "त्यो बघ. तारा चाललाय एक."

मला दिसेना. मला दोन धड डोळे, आणि अप्पांना एकच. डावा डोळा लहानपणी ज्वारीचं धसकट लागून गेलेला, त्यातून फक्त उजेड कळायचा. सगळं बघणं उजव्यावर. पण त्या एका डोळ्यानं ते बांधावर उभं राहून गोठ्यातली गाय ओळखायचे. शेवटी त्यांनी माझी हनुवटी धरून वळवली तेव्हा तो दिसला. लुकलुकत नव्हता, घाईतही नव्हता. कुणी दिवा हातात धरून शांतपणे अंगण ओलांडावं तसा चालला होता.

"तारा नाही अप्पा. ते अंतराळ स्थानक. त्यात माणसं राहतात."

"माणसं?"

"महिनोन्‌महिने राहतात."

"पाय कुटं टेकत्यात?"

"टेकतच नाहीत. तरंगतात."

 तो उजेड आभाळाच्या मध्यावरून पुढं गेला आणि एका जागी विझला. मग अप्पा म्हणाले, "मग त्येंना झोप येती व्हय?"

योगायोग असा की मी तेव्हा त्याच गोष्टीत बुडालेली होते. आमच्या गावच्या शाळेनं मला भाषणाला बोलावलं होतं. विषय माझ्यावर सोपवलेला. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं मागं कधीतरी विचारलं होतं, "मॅडम, अंतराळात सर्दी होते का?" सगळा वर्ग हसला होता, पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. म्हणून ठरवलं, अंतराळात गेलेल्या माणसाची रोगप्रतिकारशक्ती काय होते, हेच मुलांना सांगायचं. आणि भाषणाची तालीम गच्चीवर, अप्पांपुढं.

"माज्यापुडं कशाला? मी काय इन्स्पेक्टर हाय?"

"तुम्हाला कळलं तर पोरांना कळंल."

"आसं व्हय. म्हंजी गावात सगळ्यात ढ मीच." पण चादर नीट करून मांडी घालून बसले. खूश होते.

मी त्यांना सांगितलं की शरीरात राखणदार पेशी असतात. रक्तातून फिरतात, परकं काही शिरलं की ओळखतात आणि त्याच्यावर तुटून पडतात. या पेशी जमिनीच्या ओढीत वाढलेल्या आहेत. आपला सगळा जन्म जमीन आपल्याला खाली धरून असते, आपल्या लक्षातही येत नाही. वर गेलं की ती ओढ जाणवत नाही, आणि राखणदार गोंधळतात. असतात, पण सुस्तावतात. त्यात तिथं झोप नीट नाही, दिवसरात्र कळत नाही, डब्यासारख्या जागेत कोंडून राहायचं, घरच्यांपासून लांब. मनावर ताण आला की शरीरात तसे रस सुटतात, तेही राखणदारांना मागं खेचतात.

"म्हंजी राखण्या माळ्यावर हाय, गोफण हातात हाय, पर हात उचलंना," अप्पा म्हणाले.

"अगदी तसंच."

"आन पाखरं उतरली रानात."

"बाहेरची पाखरं उतरायला नकोतच, अप्पा. म्हणून तर जायच्या आधी त्यांना माणसांपासून वेगळं ठेवतात, खोकला-सर्दी बरोबर जाऊ नये म्हणून. गंमत वेगळीच आहे. जे आधीपासून आत असतं ना, झोपलेलं, ते जागं होतं."

आणि मी त्यांना कांजिण्यांचं सांगितलं. कांजिण्या होऊन जातात, फोड सुकतात, खपल्या पडतात, आपण म्हणतो गेल्या. जात नाहीत. त्यांचा विषाणू नसांच्या मुळाशी, मणक्यापाशी, डोक्याच्या आत, गुपचूप झोपून राहतो. जन्मभर. राखणदार त्याला झोपवून ठेवतात. अंतराळात गेलेल्यांच्या थुंकीत तो पुन्हा सापडतो. त्यांना बहुतेक वेळा काही होत नाही, पण तो जागा झालेला असतो.

अप्पांना लहानपणी कांजिण्या आल्या होत्या. आमच्याकडे 'अम्मा आली' म्हणत. अंगाखाली कडुलिंबाचा पाला घालून, घरात फोडणी बंद करून, आजीनं त्यांना कोपऱ्यात निजवलं होतं. जाताना अम्मेला दहीभात देऊन वेशीपर्यंत पोचवून आले होते.

"म्हंजी अम्मा गेलीच न्हाई?" अप्पांनी आपल्या छातीकडं, मग डोक्याकडं पाहिल्यासारखं केलं. "दहीभात खाऊन परत हितंच यून झोपली?"

"झोपली."

"आन तिला उठवतंय कोण? वर जानारी माणसं सोड. हितं, खाली?"

"वय उठवतं. ताण उठवतो. झोप गेली, जागा बदलली, मन लागेना झालं, की ती उठते." मी बोलता बोलता थांबले नाही, वाक्य पुरं केलं. अप्पांनी मान हलवली आणि म्हणाले, "भाषन चांगलंय. पोरं भितील, पर चांगलंय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी मला सांगितलं, "ही इभूत बदलून आण. कपाळाला सोसंना."

आम्ही लिंगायत. अप्पा रोज सकाळी आंघोळ करून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा करतात आणि कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे ओढतात. ते ओढल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत. विभूतीच्या वड्या ते गावाहून घेऊन आले होते, त्या संपल्या होत्या आणि मी नवी पेठेतून नवी वडी आणली होती. ती चुरचुरते, म्हणाले. मी दुसऱ्या दुकानातून आणली. ती हुंगून बघितली, बोटावर घासली, म्हणाले, "हिच्यात चुना घालत्यात. शहरातलं सगळंच आसलं." मी चिडले. शहराला नावं ठेवलेली मला आवडत नाहीत. शहरानं मला शिकवलं आहे.

"गावच्या विभूतीत काय सोनं घालतात का?"

"श्यान घालत्यात. गायीचं. खरं."

तिसरी वडी मी कर्नाटकातल्या एका मठाजवळून येणाऱ्या सहकाऱ्याकडून मागवली. तीही चुरचुरली. पण अप्पांनी त्यावर उपाय काढला होता. पट्टे जाड ओढायचे. आधी तीन रेघा स्वच्छ वेगळ्या दिसायच्या, आता सगळं कपाळ पांढरं. टोपीही पुढं ओढलेली, घरातसुद्धा. मला वाटलं, करमत नाही म्हणून देवाचं जास्त चाललंय. बरंच आहे, म्हटलं.

शेजारच्या मावशींना ते आधी दिसलं. मावशींचं घराणं विणकरांचं, घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि नजर कापडात तुटलेला धागा शोधणारी. सकाळी पाणी आलं होतं म्हणून त्या सांगायला दारात आल्या, अप्पांकडं बघून थबकल्या.

"अहो अप्पा, नाकाला काय चावलं?"

"डास."

"डास असला मोठा? डास हाय का कोंबडा?"

अप्पांच्या नाकाच्या शेंड्यावर पाण्यानं भरलेला एक फोड होता. उजवीकडे. आणि उजवी पापणी सुजलेली. मी बघितलं, आणि मला माझंच भाषण ऐकू यायला लागलं, कुणी दुसरंच वाचत असल्यासारखं, फार लांबून.

"अप्पा, कपाळ पुसा."

"आत्ता पूजा केलीया."

"पुसा."

"कुनापुडं उघड्या कपाळानं बसू? मावशी हाईत."

मावशी पाठ फिरवून उभ्या राहिल्या. "घ्या, मी न्हाई बघत. मी पाण्याचं बघते."

मी ओला पंचा आणला. त्यांनी तो माझ्या हातून घेतला, स्वतः पुसायला गेले आणि कळवळले. मग हात खाली घेतला आणि कपाळ माझ्यापुढं केलं. विभूती निघत गेली तसं खालून लाल दिसायला लागलं. उजव्या भुवईपासून केसांपर्यंत फोडांचा पट्टा होता, बरोबर मध्यावर थांबलेला. डावीकडे एकही नाही. पट्टीनं रेघ मारल्यासारखी हद्द. अम्मा उठली होती.

मी मावशींना हाक मारली नाही तरी त्या वळल्याच होत्या. "नागीण," त्या हळू म्हणाल्या. "तोंड शेपटीला लागायच्या आत गेरू लावायला पायजे. मी आणते."

"नको," मी म्हणाले. "डोळ्याजवळ काही लावायचं नाही. रिक्षा बघा कुणीतरी."

रिक्षात अप्पा माझ्या शेजारी बसले होते, टोपी भुवईपर्यंत. मी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"तू पेठेतली इभूत आणलीस तवापासनं. आग आग हुतीया. डोक्याच्या आत सुई घालून कुनी फिरवतंय आसं."

"मग बोलला का नाहीत?"

ते रस्त्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तूच सांगितलं की. जागा बदलली की उठती म्हून." थोड्या वेळानं, "लेकीच्या घरी आला आन दुखनं घेऊन बसला, आसं तुलाच वाटलं आस्तं. म्या म्हनलं इभूतच वाईट आसू दे."

 मी त्यांचा हात धरला. हात हलका लागला, कापसासारखा.

त्वचेच्या डॉक्टरांनी नाकावरचा फोड बघताच आम्हाला डोळ्याच्या डॉक्टरांकडे धाडलं. कपाळाला, नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याला एकाच नसेच्या फांद्या जातात. शेंड्यावर फोड आला की डोळ्यालाही धोका. डोळ्याच्या बाईंनी यंत्रावर अप्पांची हनुवटी टेकवली, निळा उजेड सोडला, बराच वेळ बघितलं. बुबुळावर विषाणू पोचलेला होता.

"दुसऱ्या डोळ्यानं दिसतं ना यांना?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी उजवा डोळा आणखी एकदा तपासला. मग म्हणाल्या, "गोळ्या आत्ताच सुरू करा. एकही चुकवू नका. नजर किती राहील ते आज मी सांगू शकत नाही."

अप्पा सगळं ऐकत होते. म्हणाले, "बाई, इभूत लावू का?"

"कपाळाला नाही. फोड सुकेपर्यंत काहीच नाही."

"मग मी जेवनार कसा?"

बाई गोंधळल्या. मी म्हणाले, "दंडाला लावा, छातीला लावा. देव कपाळापुरताच आहे का?" अप्पांनी जरा विचार केला. "तितं वर अंतराळात गेल्यावर तर सगळी इभूत उडूनच जात आसंल," ते म्हणाले. डोळ्याच्या बाई पहिल्यांदा हसल्या.

त्यानंतरचे दिवस मला एकामागून एक असे आठवत नाहीत. एकच लांब दुपार आठवते. उजेड सोसत नव्हता म्हणून खिडक्यांना चादरी लावलेल्या. चादरींवरची लाल-हिरवी नक्षी मागच्या उन्हानं पेटायची आणि सगळी खोली त्या रंगांत बुडायची. त्यात अप्पा पडलेले, डोळ्यावर हिरवी पट्टी. मी गोळी द्यायची, मलम घालायची, आणि पुन्हा सगळं शांत. पंख्याच्या वाऱ्यानं चादरी फुगायच्या आणि आत यायच्या. वाटायचं, आम्ही कुठंतरी चाललो आहोत, आणि खाली सोलापूर हळूहळू फिरतंय.

भेटायला माणसं यायची. गावाकडची, बिस्किटाचे पुडे घेऊन. आजाऱ्याला जवळ बसून, हात फिरवून भेटायची आमची रीत. ज्यांना कधी कांजिण्या आल्या नाहीत त्यांना फोडांतून त्या लागू शकतात, म्हणून मी दारातच विचारायची, "तुम्हाला अम्मा येऊन गेली का?" न आलेल्यांना परत पाठवायची. चुलतकाका रागावले. "शिकली म्हून बापाला भेटू दीना," असं खाली उतरताना मोठ्यानं म्हणाले. म्हणू देत. मी दार लावलं.

मावशींना येऊन गेलेली होती, त्यामुळे त्यांना मुभा होती. गेरूची वाटी घेऊन त्या आल्याच. मी दारात आडवी उभी राहिले.

"डोळ्याजवळ न्हाई लावत बाई," त्या म्हणाल्या, "उंबऱ्याला लावते. उंबऱ्याचा डोळा जातोय का?" आणि खाली बसून त्यांनी उंबऱ्यावर एक जाड लाल रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी अडवलं नाही. अप्पांनी आतून विचारलं, "ओढली का?" "ओढली," मावशी म्हणाल्या. "आता गोळ्या खावा गुमान, न्हाईतर माझा गेरू वाया जाईल."

आणि अप्पा गोळ्या खायचे. कधी कुरकुर नाही. एकदाच, पट्टी बदलताना, म्हणाले, "अव्वा, समदं गेलं तर मला गावाकडं सोड. तितं मला न बघताबी फिरता येतं. हितं न्हाई येत." मी म्हणाले, "बघू." तेवढंच. माझ्या घरात कोणी आंधळं होणार नाही, असं मी मनात ठणकावून म्हणत होते, पण ते कुणाला बजावत होते, मला माहीत नाही.

फोड सुकले. कपाळावर खपल्यांचा पट्टा राहिला, मग डागांचा. पट्टी निघाली तेव्हा अप्पांनी सांगितलं, धुकं आहे. बाई म्हणाल्या, बुबुळावर पुसट डाग राहिलाय, सूज उतरेल तसं कळेल, धीर धरा. अप्पांना माझा चेहरा कळायचा, पण मी हसतेय की नाही ते कळायचं नाही. ते विचारायचे, "हसलीस का?"

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी त्यांना रोज सकाळी लिफ्टनं खाली न्यायला लागले. इमारतीमागं मोकळी जागा आहे, तिथं काळी माती आहे, खरी. अप्पा चप्पल काढून उभे राहायचे. नुसते उभे. वॉचमन विचारायचा, "काय करतात बाबा?" मी सांगायची, "उतरलेत. वजन येऊ देत." पृथ्वीवर परतलेल्या माणसांचे राखणदारही हळूहळू पूर्ववत होतात, भाषणात तेही होतं. भाषण मी पुढं ढकललं होतं.

मग एका संध्याकाळी अप्पाच म्हणाले, "आज त्यो जानारा हाय का गं?"

मी फोनवर बघितलं. जाणार होता. आम्ही गच्चीवर गेलो. त्यांनी कपाळावर पट्टे ओढले होते, आजारानंतर पहिल्यांदा, तीनही बारीक आणि वेगळे.  तो कुठून उगवणार हे मी मुद्दामच सांगितलं नाही. वायव्येला तो दिसला तेव्हा मी अप्पांकडं बघितलं. तो वर चढत होता. अप्पांचा चेहरा वर होता, पण नजर कुठं आहे ते कळत नव्हतं. तो आणखी वर आला. अप्पांचा हात खालीच.



"अव्वा," ते म्हणाले, "आदी तू बोट दाव."

"तुम्ही दाखवा की."

"न्हाई. तू दाव. मग मी सांगतो."

मी हात वर केला आणि बोट त्याच्यावर धरलं.  अप्पांनी माझं मनगट धरलं, या वेळी त्यांचा हात जड लागला. आणि त्यांनी माझं बोट हळूच सरकवलं, थोडं उजवीकडं, थोडं पुढं.

"तितं कुटं धरलीयास?" ते म्हणाले. "फुडं गेला की त्यो."